सोनगीरची जीप : ब्रेकच्या नळ्या बदलताना ठेवलेल्या नोंदी

गाडी : महिंद्राची सीजे-३बी, १९७३ ची, पेट्रोल इंजिन, डावं स्टिअरिंग. आजोबांनी घेतली, आप्पांनी चालवली, आता माझ्याकडे. इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम गेल्या वर्षी झालं. पत्रा अजून बाकी आहे. ब्रेक मी शेवटी करणार होतो, पण तो बेत चुकीचा होता हे डिसेंबरात कळलं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

डिसेंबरात काय झालं ते आधी लिहून ठेवतो.

मळ्यातून कपाशीची शेवटची वेचणी घेऊन येत होतो. मी चालवत होतो, आप्पा उजवीकडे बसले होते. नाल्याच्या उतारावर पेडल दाबलं आणि पाय सरळ फळीला टेकला. दुसऱ्यांदा दाबलं, तरी तसंच. आप्पांनी काही न बोलता वाकून हँडब्रेक ओढला, मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, आणि नाल्याच्या पाण्यात पुढची चाकं बुडली तेव्हा गाडी थांबली. मागे ट्रॉली नव्हती, समोर कोणी नव्हतं, म्हणून निभावलं.

या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकात नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो, आणि तो तारेने ओढला जातो. पायाच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून त्या दिवशी तो उरला होता. पायाच्या ब्रेकचं सर्किट मात्र एकच. मास्टर सिलेंडर एक, त्याला एकच पिस्टन, आणि तिथून चारही चाकांना तेल. नळी कुठेही फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

आज गाडी खळ्यात निंबाखाली चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली. चाकं काढली. खाली झोपून बॅटरी मारली तर मागच्या नळीवर, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याजवळ, ओल चमकत होती. मूळ नळी लोखंडी, पण तिथे मध्येच वीतभर तांब्याचा तुकडा होता. दोन्ही टोकांना पितळी जोड.

आप्पांना विचारलं. त्यांना आठवत होतं. तीसेक वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत नळी गळली, लोखंडी नळी मिळेना, तेव्हा फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एकाने दुकानातलीच तांब्याची नळी बसवून दिली होती. “तेव्हा चाललं,” एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

१९ जानेवारी

सगळ्या जुन्या नळ्या काढायच्या ठरवल्या. फक्त फुटलेली बदलावी असं मिस्तरी म्हणत होते. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. एक नळी फुटते तेव्हा बाकीच्याही त्याच वयाच्या असतात, त्याच चिखलातून गेलेल्या असतात.

आमची काळी माती चेसीच्या कडेला थापली गेली की सुटत नाही. वरून वाळते, आतून महिनाभर ओली राहते. त्यात ही गाडी वर्षानुवर्षं खताची पोती वाहत आली. खताचा खार आणि ओल एकत्र आली की लोखंडाचं काय होतं ते चेसीच्या आतल्या बाजूला हाताने चाचपून कळतं. मातीचा थर काढला तर नळीवरचं लोखंड पापड्यांसारखं हातात आलं.

आतूनही तेच. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. तेल वर्षानुवर्षं बदललं नाही तर नळी आतून गंजायला लागते. शिवाय पाणी मुरलेलं तेल लवकर उकळतं. डॉट ३ या दर्जाचं तेल ताजं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाटात ड्रम तापले की तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. पेडल मऊ पडतं ते त्यामुळे.

माझ्या बाटलीत उतरलेलं तेल चहाच्या रंगाचं होतं.

२६ जानेवारी

मास्टर सिलेंडरचा नट आज सुटला नाही.

हा सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली चेसीला बसवलेला आहे. तापवून नट सोडायची मिस्तरींची तयारी होती, गॅसची नळी हातात घेतलीही होती. मी थांबवलं. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, नटापासून हातभर अंतरावर. आधी टाकी काढली, पेट्रोल कॅनमध्ये भरून घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं, टाकी खळ्याच्या टोकाला नेली. एवढं करेपर्यंत संध्याकाळ झाली. मग तापवायचा विचारच सोडला, नटावर गंज सोडवणारं तेल मारलं आणि ठेवून दिलं.

२ फेब्रुवारी

आठ दिवस रोज तेल मारल्यावर नट सुटला. साधा पाना लावला नाही, फ्लेअर नटचा पाना लावला. तो नटाला पाच बाजूंनी धरतो. साध्या पान्याने दोनच बाजू पकडल्या जातात आणि मऊ नटाचे कोपरे गोल होतात. पुढच्या दोन नटांचे कोपरे आधीच कुणीतरी गोल केलेले होते. तिथे नळीच कापली आणि नट सहा कोनी सॉकेटने काढले. नळी जाणारच होती.

काढलेल्या नळ्या फेकल्या नाहीत. ओट्यावर जशा होत्या तशा मांडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. नव्या वाकवताना हाच नमुना.

९ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार.

तांब्याचा तो तुकडा घेऊन तांबट बाबांकडे गेलो. आमच्या सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी सगळ्या खानदेशात जातात. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, कानाला ऐकू कमी येतं, पण भांड्यावर हातोडी पडली की ती कुठे चुकली ते आवाजावरून सांगतात.

तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, नळी उन्हात धरली आणि नखाने एक जागा दाखवली. नटाच्या अगदी मागे, जिथे नळीचं तोंड पसरलेलं असतं त्या मानेवर, केसासारखी बारीक चीर होती. नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. मी महिनाभर तो तुकडा बघत होतो, मला ती दिसली नव्हती.

म्हणाले, “तांबं ठोका ना, ते ताठस. मंग आगीमा घाला, परत मऊ व्हस. नही घालं ते फुटस.”

मी म्हटलं, बाबा, हिला कुणी ठोकलं नाही, ही तर गाडीखाली होती.

“गाडी ठोकस नही, पन रातदिन हालावस. तेच ते.”

हंडा घडवताना ते दर थोड्या ठोक्यांनंतर भट्टीत घालतात, लाल होऊ देतात, मग परत ठोकायला घेतात. तावल्याशिवाय पुढे गेलं की काठाला चिरा पडतात. गाडीखालच्या नळीला असा ताव कधीच मिळत नाही. कमान हलते, चेसी थरथरते, आणि त्या प्रत्येक थरथरीने तांबं थोडं थोडं ताठत जातं. शेवटी जिथे ते सगळ्यात पातळ ओढलेलं असतं, म्हणजे तोंडाच्या मानेवर, तिथे चिरतं. साधी तांब्याची नळी ब्रेकला का वापरू नये, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठे मिळालं नव्हतं.

त्यात फ्रिजवाल्याची पद्धत एकेरी फ्लेअरची. नळीचं तोंड एकदाच बाहेर पसरवायचं. फ्रिजला ते चालतं. ब्रेकला दुहेरी लागतं. तोंड आधी आत दुमडायचं आणि मग पसरवायचं, म्हणजे बसायच्या जागेवर दोन थर येतात.

घरी येऊन आप्पांना चीर दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. “त्या वर्षी तू लहान होतास, गाडीत मागे बसायचास,” म्हणाले.

१६ फेब्रुवारी

दाबाचा हिशोब मांडला. मास्टर सिलेंडरचा बोअर एक इंच, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर. पेडलची तरफ टेपने मोजली, माझ्या गाडीत अंदाजे पाचपट. पायाने ४० किलोचा जोर दिला तर पिस्टनवर २०० किलो, आणि नळीत दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो. टायरमध्ये आपण दोनेक ठेवतो. त्याच्या वीसपट दाब या पेन्सिलीपेक्षा बारीक नळीत असतो, आणि तोही रोजचा. घाबरून दाबलं की याच्या दीडपट सहज.

नळी कुठली घ्यायची यावर दोन रविवार विचार केला. धुळ्यात आग्रा रोडच्या बाजूला ट्रकच्या सामानाची दुकानं पालथी घातली. दुहेरी भिंतीची लोखंडी नळी मिळते. पत्र्याची पट्टी दोन वेढे गुंडाळून तांब्याने आतून जोडलेली असते, वर जस्ताचा मुलामा. मजबूत आणि स्वस्त, बहुतेक गाड्यांना कारखान्यातून हीच येते. दुसरा पर्याय तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा. साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, थोडं लोखंड आणि मँगेनीज. ती गंजत नाही, वाकवायला सोपी, आणि साध्या तांब्यासारखी लवकर ताठून चिरत नाही. व्होल्व्होने १९७० च्या दशकातच गाड्यांना ती वापरायला सुरुवात केली.

काळ्या मातीचा आणि खताच्या खाराचा विचार करून तांबं-निकेल घेतली. ३/१६ इंच, २५ फुटांचा वेढा. बाहेरून मागवली.

२३ फेब्रुवारी

नळी आली. पहिला तुकडा बाबांना दाखवायला नेला. बोटांनी वाकवली, सरळ केली, परत वाकवली. तांब्यात जस्त घातलं की पितळ, कथील घातलं की कासं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. निकेलचं ऐकून म्हणाले, “मंग हाई तांबं नही, हाई दुसरं शे.” आणि तुकडा ठेवून घेतला.

२ मार्च

फ्लेअरचा सराव. दिवसभरात अकरा तोंडं केली, त्यातली चार चांगली.

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी माझा क्रम लिहितो. नळी हॅकसॉने कापायची नाही, चाकाच्या कटरने कापायची, तीही हळूहळू आवळत. कापल्यावर आतली कड आत वळलेली असते, ती रीमरने साफ करायची आणि नळी उभी धरून कीस झटकायचा. तो कीस आत राहिला तर थेट चाकातल्या ब्रेकच्या छोट्या सिलेंडरच्या (व्हील सिलेंडरच्या) रबरात जातो. मग नट चढवायचा, योग्य तोंडाने. हे लिहायचं कारण, आज दोनदा तोंड सुंदर झालं आणि नट बाहेर राहिला होता. तोंड पसरल्यावर नट चढत नाही, कापूनच टाकावं लागतं.

फ्लेअरच्या हत्याराच्या पट्टीत नळी धरताना ती ठोकळ्याच्या पायरीएवढीच वर ठेवायची. जास्त राहिली तर तोंड एका बाजूला लोळतं, कमी राहिली तर दुसरा थर अपुरा पडतो. ठोकळा दाबून तोंड आत दुमडायचं, मग तो काढून शंकूने पसरवायचं. शंकूला ब्रेक ऑइलचा एक थेंब. पट्टीचे नट पुरते आवळले नाहीत तर नळी खाली सरकते, माझी पहिली पाच तोंडं त्यातच गेली.

झालेलं तोंड भिंगाखाली बघायचं. गोल मधोमध आहे का, कडेला चीर आहे का. थोडीही शंका आली की कापायचं. वीतभर नळी वाया गेली तरी चालेल.

९ मार्च

गव्हाची कापणी. गाडीला हात लावला नाही.

१४ मार्च, धुळवड

मुलं रंग खेळत होती. मी मागच्या ॲक्सलच्या दोन्ही नळ्या वाकवून बसवल्या. जुन्या नळीवर नवी धरून, एकेक वळण. तंग वळण हाताने कधी घेऊ नये, नळी चपटते. छोटा बेंडर वापरला, जिथे तो पोचत नव्हता तिथे सॉकेटच्या गोलाईवरून वळवली.

२३ मार्च

मास्टरपासून मागे जाणारी लांब नळी बसवली. चेसीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. दर वीत-सव्वा वीतीला क्लिप, आणि प्रत्येक क्लिपखाली रबर. बाबांचं वाक्य डोक्यात होतं, त्यामुळे जितकी लागायची त्यापेक्षा जास्तच क्लिपा लागल्या. नळी कुठेही पत्र्याला टेकत नाही, कुठेही मोकळी झुलत नाही.

पुढच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या रबरी होजच्या आधी एक वेढा ठेवला आहे, हलण्याला वाव राहावा म्हणून.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी रबरी होज. चारही नवे. मागे ॲक्सलला एक, पुढे ॲक्सलला एक, आणि पुढच्या दोन चाकांना एकेक. जुने बाहेरून चांगले दिसत होते. एक उभा कापून पाहिला, आतलं रबर फुगून मधलं भोक सुईएवढं राहिलं होतं. असा होज तेल दाबाने पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही, चाक धरून राहतं. पुढचं डावं चाक दोन वर्षं गरम का व्हायचं ते आज कळलं.

होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. कुठे ताणत नाही, टायरला घासत नाही.

६ एप्रिल

व्हील सिलेंडर उघडले. पुढचे एक इंची, मागचे पाऊण इंची. तीन चांगले निघाले, मागच्या उजव्याला आत खड्डे पडले होते, तो नवा घेतला. चौघांनाही नवी रबरं.

मिस्तरींनी धुवायला सवयीने डिझेलचा डबा उचलला. त्यांचा हात धरावा लागला. डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, यातलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. आत फक्त ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट. ते म्हणाले, “पंचवीस वर्षं धुतोय भाऊ.” मी काही बोललो नाही. एक जुनं रबर डिझेलमध्ये टाकून त्यांच्या समोर ठेवून दिलं.

८ एप्रिल

मिस्तरी स्वतःहून आले. डब्यातलं रबर बाहेर काढलं, सिलेंडरमध्ये घालून पाहिलं, जाईना. काही न बोलता स्पिरिटची बाटली मागितली.

१३ एप्रिल

हवा काढायचा दिवस. ऊन बेचाळीसच्या पुढे, म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात.

आधी लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमच्या जवळ आणून घेतले. ते लांब राहिले तर कितीही हवा काढा, पेडल खालीच राहतं. मग फळीवरची झाकणाभोवतीची माती ब्रशने झाडून, पुसून, मगच मास्टरचं झाकण उघडलं. पायाखालचा सिलेंडर असल्याने तिथून कचरा पडायला वेळ लागत नाही.

मिस्तरी डाव्या मागच्या चाकाकडे वळले. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मास्टरपासून सगळ्यात लांब तेच चाक असतं, त्यामुळे हात तिकडेच जातो. पण हिचा मास्टर डावीकडे आहे, म्हणून सगळ्यात लांब चाक उजवं मागचं. तिथून सुरू केलं. मग डावं मागचं, उजवं पुढचं, शेवटी डावं पुढचं.

पेडलवर आप्पा बसले. मी खाली, निपलला (चाकाच्या सिलेंडरवरच्या हवा सोडायच्या बोंडाला) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. मी “दाबा” म्हणायचो, ते “दाबलं” म्हणायचे, मी निपल सोडायचो, बुडबुडे यायचे, मी आवळायचो, मग “सोडा”. दर पाच-सहा वेळांनी मास्टरमध्ये तेल. एकदाही रिकामा होऊ दिला नाही. उजव्या मागच्या चाकाला बुडबुडे थांबायला चाळीसेक दाब लागले. आप्पांचं वय एकाहत्तर. थांबा म्हटलं तर थांबेनात.

नऊ वाजता पेडल अर्ध्यावर येऊन दगडासारखं थांबलं. आप्पा पाय काढायच्या आधी एक पूर्ण मिनिट तसेच दाबून बसले. मी खाली प्रत्येक नटाला कोरडा कागद लावत फिरलो. एक ओला निघाला. ब्रेक लाइटचा स्विच, जो तेलाच्या दाबावर चालतो, तो आतून पाझरत होता. नवा लावला, परत हवा काढली.

१५ एप्रिल

दोन दिवस पेडलवर लाकूड टेकवून ठेवलं होतं. सगळे कागद कोरडे.

२० एप्रिल

पहिली चक्कर, शेताच्या रस्त्याने. तीन किलोमीटरवर गाडी जड वाटायला लागली. थांबलो, ड्रमवर पाणी शिंपडलं तर चुरचुरलं. चारही ड्रम तापलेले.

चूक माझी होती. पेडल आणि मास्टरच्या मध्ये जो दांडा असतो त्यात थोडी मोकळी चाल लागते, पेडलवर अर्धा इंच. मी ती ठेवली नव्हती, घट्ट पेडल हवं या हव्यासाने. मोकळी चाल नसली तर पिस्टन पूर्ण मागे जात नाही, परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं, तापलेलं तेल फुगतं आणि त्याला मास्टरच्या तेलाच्या टाकीत परत जायला वाट मिळत नाही. मग ब्रेक आपोआप लागत जातो. निंबाच्या सावलीत दोन तास थांबलो, दांडा कमी केला, अर्धा इंच मोजून ठेवला. परत येताना ड्रम हाताला सोसतील एवढेच.

२७ एप्रिल

लळिंगचा घाट. सोबत मिस्तरी, उजवीकडे बसून पुढचा रस्ता सांगायला. डाव्या स्टिअरिंगमुळे ओव्हरटेक करताना मला दिसत नाही, उजवीकडच्याचे डोळे लागतात. उतारावर ट्रकच्या मागे, तिसऱ्या गिअरमध्ये, पाच वेळा नीट दाबून पाहिलं. गाडी सरळ थांबते, कुठल्या बाजूला ओढत नाही. खाली येऊन पेडल तितकंच वर. डॉट ३ च भरलं आहे, वर्षातून एकदा पूर्ण बदलायचं ठरवलं आहे, पावसाळ्यानंतर.

घरी येऊन मास्टर उघडला. तेल जिथे खूण केली होती तिथेच.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

फुई, म्हणजे आत्या, माहेराला आली. धुळ्याच्या स्टँडवरून तिला जीपने आणायचं आप्पांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. चालवायला तेच बसले. फुईने पाय वर घेण्याआधी विचारलं, “हिना ब्रेक लागतस ना रे भाऊ?”

आप्पांनी गाडी सुरू केली, दहा पावलं पुढे नेली, दाबली. फुईची पिशवी पुढे घसरली.

“बस,” म्हणाले.

संध्याकाळी मुली निंबाला बांधलेल्या झोक्यावर होत्या, म्हणून गाडी ओट्याकडे लावली. खाली वाकून सगळे जोड एकदा पाहिले. कोरडे. हँडब्रेकचं लायनर झिजलं आहे, ते जूनच्या आत करायचं.